वस्त्र, वास्तू आणि वर्णव्यवस्था

काही महिन्यांपूर्वी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी नकाशांची गुंडाळी घेऊन माझ्या घरी आली. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. इमारत बांधण्याचे शास्त्र मला येत नाही. पण नकाशा वाचता येतो आणि या शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्या पायाखालच्या आहेत. तेवढ्याच भांडवलावर तिच्या शिक्षकांनी तिला माझ्याकडे पाठवले होते. तिचा विषय होता : छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, येथील एका जुन्या, कुलूपबंद इमारतीची फेररचना करून तेथे फॅशन संशोधन केंद्र उभारणे.

विषय ऐकून मी मनातून नाराज झालो, हे कबूल केले पाहिजे. आमची पिढी वसतिगृहात, मोर्चात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात वाढली. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यातल्या गावोगाव आमच्या लोकांची घरे जळाली. ज्यांच्याजवळ एकच सदरा होता, आणि तो रात्री धुऊन सकाळी ओलाच अंगात घालावा लागे, त्यांना ‘फॅशन’ हा शब्द पोट भरलेल्यांचा वाटत आला. मी तिला म्हणालो, ‘‘अगं, एवढे शिकलीस, आपल्या वस्तीत दवाखाना नाही, वाचनालय नाही. आणि तू फॅशनचे केंद्र काढतेस?’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, बाबासाहेबांनी महाडला बायकांना लुगडे कसे नेसावे ते सांगितले, तेव्हा ते कशाविषयी बोलत होते?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिला चहा दिला आणि नकाशे पसरले. त्यानंतरच्या बैठकांतून मला जे समजले ते येथे मांडतो आहे. फॅशन संशोधन हा विषय आपला कसा आहे आणि जुनी इमारत नव्या कामाला लावताना नेमके काय करावे लागते, हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. शेवटी ते एकाच दरवाजाशी येऊन थांबले.

कापडाचा कायदा

फॅशन म्हणजे दर वर्षी बदलणारा कट, हा बाजारातला अर्थ झाला. समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले तर कोणत्या माणसाने, कोणत्या जागी, काय घालावे आणि काय घालू नये, याविषयी समाजाने केलेली व्यवस्था म्हणजे वेशभूषा. आणि ती व्यवस्था बदलण्याची हालचाल म्हणजे फॅशन. या अर्थाने पाहिले तर भारतातला वेशभूषेचा सर्वांत कडक कायदा आपल्याच पूर्वजांच्या अंगावर लिहिलेला आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे कोणती, याचे उत्तर दिले आहे : मेलेल्यांची. दागिने कोणते? लोखंडाचे. हा ग्रंथातला नियम कागदावर राहिला नाही. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ समजला जाई. अपमानालाच हक्काचे नाव दिले की माणूस तो सोडायलाही तयार होत नाही, उलट त्यासाठी भांडतो, ही या व्यवस्थेची खरी हुशारी. सवर्णांच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या अधिकारासाठी अनेक वर्षे झगडावे लागले, आणि १८५९ मध्ये संस्थानाला जाहीरनामा काढावा लागला. तोही त्यांनी वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये, अशी अट ठेवून. कापड अंगावर घालावे, पण ‘त्यांच्यासारखे’ घालू नये! फॅशनचे राजकारण याहून स्पष्ट कोठे दिसणार?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतले आणि गळ्यातले जाड कथलाचे दागिने सोडा, कारण तुम्ही अस्पृश्य आहात हे त्यांवरून ओळखू येते, असा त्या भाषणाचा आशय होता. कापड फाटके असले तरी स्वच्छ असावे, हेही त्यांनी सांगितले. मनूने लोखंडाचे दागिने नेमून दिले होते, आणि महाडला आमच्या आयाबायांनी कथलाचे दागिने उतरवले. पोथी जाळणे आणि लुगड्याची नेसण बदलणे ही एकाच कार्यक्रमाची दोन कलमे होती. आम्ही पहिल्यावर शेकडो व्याख्याने दिली. दुसरे कलम मात्र ‘बायकांचा विषय’ म्हणून बाजूला ठेवले. त्या विद्यार्थिनीने माझे बोट नेमके तेथे ठेवले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लोक पांढऱ्या वस्त्रांत आले. पांढरे कापड कोणाच्या अंगावर शोभते आणि कोणाच्या अंगावर ‘माज’ ठरते, हे गावात ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांचा सूट हाही आमच्या पुतळ्यांचा केवळ निळा रंग नाही. ते शिक्षणाने मिळवलेल्या समतेचे वस्त्र आहे.

याच्याही मागे अडीच हजार वर्षे गेले तर आणखी एक गोष्ट दिसते. विनयपिटकात चीवराविषयी एक पूर्ण प्रकरण आहे. उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून भिक्खूंनी पांघरावयाच्या. त्याला पांसुकूल म्हणत. मगधातल्या भातखाचरांचे बांध पाहून बुद्धांनी आनंदाला चीवराची शिवण तशी करावयास सांगितली, असे तेथे आले आहे. म्हणजे आकृती शेतावरून घेतलेली आणि कापड टाकाऊ. मनू मढ्यावरचे कापड शिक्षा म्हणून एका जातीवर लादतो; बुद्ध तेच कापड स्वेच्छेने अंगावर घेतात आणि संघात ब्राह्मण, राजपुत्र, न्हावी या सर्वांना घालावयास लावतात. कापड एकच, त्याचा अर्थ मात्र पूर्ण उलटा केलेला. हा अर्थ कसा उलटला, याचा शोध घेणे म्हणजे फॅशन संशोधन नव्हे काय?

या शहराचे कापड

असे केंद्र मुंबई-दिल्लीत असावे, येथे कशाला, असे कोणी विचारील. दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ मध्ये सुरू झाली, मुंबईत तिची शाखा १९९५ पासून आहे. पण कापडाचा इतिहास मोजायचा तर आमचा भाग त्यांच्याहून फार जुना. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचे आणि तगरचे, म्हणजे आजच्या तेरचे, नाव आहे. तगरहून साधे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जाई, अशी त्यात नोंद आहे. पैठणी तर सर्वांना ठाऊक आहे. वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून, धाग्यात धागा अडकवून तिचा पदर विणतात. म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

शहराचे स्वतःचे वस्त्र म्हणजे हिमरू. उभा धागा सुती, आडवा रेशमी. जरीच्या किनखाबाची ही परवडणारी प्रतिकृती; ‘हिमरू’ या नावातच ‘त्याच्यासारखे’ असा अर्थ सांगितला जातो. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर आले, अशी परंपरागत समजूत आहे. मश्रू याच कुळातले : वरच्या बाजूला रेशीम, अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. नवाबपुरा, जाफर गेट या भागात मागांचा आवाज असे. आज हिमरूच्या नावाने पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या शालींतल्या पुष्कळ यंत्रमागाच्या आहेत, आणि हातमागावर हिमरू विणणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. हे विणकर बहुतेक मोमीन मुसलमान. पैठणी विणणारे साळी, कोष्टी, मोमीन. कापड दरबारात जाई. विणणारा दरबाराच्या बाहेर उभा राही. आमच्या प्रश्नाशी त्यांचा प्रश्न येथे जुळतो. शहाणपणाची गोष्ट ही, की आपण तो त्यांच्याबरोबर मांडावा.

१८८९ मध्ये या शहरात सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी उभी राहिली. तिचा भोंगा केव्हाच थांबला. नाव तेवढे राहिले : मिल कॉर्नर. रिक्षावाल्याला ‘मिल कॉर्नर’ म्हटले की तो बरोबर सोडतो. गिरणी कोणती, हे बसलेल्यालाही ठाऊक नसते आणि सोडणाऱ्यालाही.

गिरणीचा विषय निघाला म्हणून मुंबईची एक गोष्ट सांगतो, कारण पुढे इमारतीचा जो प्रश्न येणार आहे त्याचे मूळ तिच्यात आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे; विणकामाच्या खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे मिळत नसे. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. झाला विटाळ! १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना ती नाइलाजाने का होईना मान्य करावी लागली. गंमत अशी, की ज्यांना मुंबईत विणकाम ‘बाटवणारे’ ठरवले त्यांच्याच जातभाईंचा नागपूरकडे जाडेभरडे कापड विणणे हा पिढीजात धंदा होता. म्हणजे हात अपवित्र नव्हते, कसबही होते. अडसर एका लाकडी धोट्याच्या भोकाएवढा होता, आणि त्या भोकातून एका समाजाची मजुरी गळून जात होती.

यंत्र जातीच्या बाहेर असते असे आपण समजतो. ते खरे नाही. मग इमारत तरी असेल काय?

जुनी इमारत नव्या कामाला लावणे

आता त्या विद्यार्थिनीच्या नकाशांकडे येतो. इमारतीचे नाव मी देत नाही. तशा अनेक आहेत आणि वाचकाने आपापल्या गावची डोळ्यांपुढे आणावी. दुमजली, मध्ये चौक. तळमजला काळ्या दगडाचा, वरचा मजला विटांचा, सगळे बांधकाम चुन्यातले. एका बाजूला लाकडी कड्यांवर मातीचे माळवद, दुसऱ्या बाजूला पुढे कधीतरी टाकलेले पत्रे.

पाडून नवी का बांधू नये? पहिले कारण खर्चाचे आणि सामग्रीचे. जाड दगडी भिंत उन्हाळ्यात आतली हवा थंड ठेवते. आज तशी भिंत बांधायची तर कोण परवडवून घेईल? दुसरे कारण स्मृतीचे. त्याविषयी पुढे बोलतो. आणि आपल्याला या मार्गाचा मोठा दाखला घरातच आहे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढले, तेव्हा नागसेनवनाची इमारत नव्हती. छावणीतल्या लष्करी बराकींत वर्ग सुरू झाले. कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. सैनिकांच्या निवाऱ्यासाठी बांधलेल्या लांबलचक खोल्यांत मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पहिली पिढी फळ्यासमोर बसली. इमारतीची फेररचना म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते क्रमाने सांगतो. प्रथम मोजणी. भिंत कोठे किती जाड आहे, कोठे फुगली आहे, ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, कोणती कडी वाळवीने पोकळ झाली आहे, हे सगळे कागदावर आणायचे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट तिला आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. म्हणून दुरुस्तीही चुन्यातच करायची.

दुसरे, भार. संशोधन केंद्र म्हणजे ग्रंथालय आले, वस्त्रांची कोठारे आली. कपाटे भरून ठेवलेल्या खोलीचा भार राहत्या खोलीच्या कितीतरी पट असतो. जुन्या कड्यांवर तो टाकता येत नाही. म्हणून कोठारे तळमजल्यावर, किंवा भिंतींना न टेकणाऱ्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर. मागही तळमजल्यावरच. खड्डामागाला विणकराचे पाय सोडण्यासाठी जमिनीत खड्डा लागतो, आणि तो पायाच्या भिंतीपासून पुरेसा दूर घ्यावा लागतो.

तिसरे, उजेड. विणणाऱ्याला, रंग जुळवणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला भरपूर पण न बदलणारा उजेड हवा. तो उत्तरेकडून येतो. गिरण्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी असत, ती यासाठीच. उलट जुन्या कापडाला उजेड हा शत्रू. संग्रहालयात जुन्या वस्त्रांवर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू देत नाहीत, हवेतली आर्द्रता शेकडा ५० च्या आसपास स्थिर ठेवतात, आणि लुगडे घडी घालून न ठेवता नळीवर गुंडाळून ठेवतात. घडीवर धागा तुटतो. म्हणजे एकाच इमारतीत उजेडाची खोली आणि अंधाराची खोली शेजारी शेजारी बसवायची, हा कोडे सोडवण्याचा भाग.

चौथे, पाणी. रंगशाळा असली की रंगाचे पाणी आले. जुन्या शहराची गटारे शेवटी खाम नदीला मिळतात. रंगाचे पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आवारातच नसेल, तर आपल्या संशोधनाचा रंग नदीकाठच्या वस्त्यांच्या दारात जाणार. त्या वस्त्यांत कोण राहते, हे सांगायला हवे काय?

हे सगळे त्या मुलीने नीट केले होते. मी मान डोलावत गेलो, आणि मग तळमजल्याच्या नकाशावर माझी नजर अडखळली.

मागचा बोळ

इमारतीला दोन वाटा होत्या. पुढे कमानीचा मोठा दरवाजा. मागे चार फुटी बोळ, त्यात उघडणारे एक ठेंगणे दार. तिने पुढच्या दरवाजावर लिहिले होते : ‘अभ्यागत, संशोधक, अध्यापक’. मागच्या दारावर लिहिले होते : ‘विणकर, रंगारी, माल, कचरा’.

मी विचारले, ‘‘हे मागचे दार असे कसे ठरवलेस?’’

‘‘सर, ते तिथेच आहे. माग मागच्या ओवरीत बसतात, म्हणून जवळची वाट दिली. माल उतरवायलाही सोय होते.’’

‘‘आणि तो बोळ पहिल्यांदा कशासाठी ठेवला असेल?’’

ती गप्प झाली. मी सांगितले. टोपलीचे संडास होते त्या काळात अशा प्रत्येक मोठ्या इमारतीमागे असा बोळ असे. डोक्यावर मैला वाहणाऱ्या माणसांनी पुढून दिसू नये म्हणून. माझ्या लहानपणी मी त्या बोळांतून जाणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. त्यांना त्या घरांची पुढची कमान कधी दिसली नसेल. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा, अधिक कडक. संडास गेले, टोपल्या गेल्या. पण बोळ राहिला, आणि आता एका सुशिक्षित, आपल्याच समाजातल्या मुलीच्या हातून तो विणकरांच्या वाट्याला आला होता.

तिच्या मनात भेद नव्हता, याची मला खात्री आहे. तिने फक्त असलेल्या नकाशावर नवी नावे लिहिली. अडचण तीच आहे. जुनी इमारत वापरायला घेतली की तिच्या भिंतींबरोबर तिची वहिवाटही आपल्या हाती येते. भिंतीतली ओल मोजायला उपकरण आहे. वहिवाटीतली जात मोजायला नाही. ती आपण होऊन शोधावी लागते. कोणती वाट कोणासाठी होती? पाणी कोण कोठून भरत असे? ओवरीवर कोणाला बसता येई आणि चौकात कोणाला उभे राहावे लागे? फेररचनेच्या अभ्यासक्रमात हे प्रश्न नसतात. ते मोजणीच्या पहिल्या कागदावर असले पाहिजेत.

तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटले. पण दोन दिवसांनी ती नवा नकाशा घेऊन आली. आता माग पुढच्या ओवरीत होते, कमानीतून आत येताच डावीकडे, रस्त्यावरून दिसतील असे. कमानीतून सर्वांची वाट एकच : विणकर, विद्यार्थी, शिक्षक, पाहुणे. पायऱ्यांच्या शेजारी उतार, म्हणजे काठीवाल्या म्हाताऱ्यालाही तीच वाट. कोठारे गेली मागच्या अंधाऱ्या ओवरीत, जेथे त्यांना उजेडाचा त्रास नाही. तांत्रिक दृष्टीनेही हा नकाशा पहिल्यापेक्षा सरस होता. मागचा बोळ तिने बुजवला नाही. तेथे छोटे दार तसेच ठेवून, त्या बोळातून कोण येत असे आणि का, हे सांगणारा फलक लावायचा, असे तिने लिहिले. सुरुवातीला मी इमारतीची स्मृती म्हणालो ती ही. फक्त कमानीची नक्षी जपली तर आपण मालकाचीच आठवण जपू.

आत काय घडावे?

दरवाजा एक झाला म्हणजे काम संपले असे नाही. खरा प्रश्न असा की, आत संशोधक कोण आणि नमुना कोण?

माझी आई वाकळ शिवत असे. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे थरावर थर घालून, चारी बाजूंनी आत आत जाणारे टाके घालत. तिच्या टाक्याची रेष सरळ नसे, पण एका अंतराची असे. तिला कोणी कलावंत म्हटले नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मी तशाच गोधड्या काचेमागे पाहिल्या. खाली जिल्ह्याचे नाव होते, संग्राहकाचे नाव होते. शिवणारीचे नाव नव्हते. चिंधीला कलेचा दर्जा मिळाला, चिंधी जोडणाऱ्या बाईला मिळाला नाही.

जगाच्या बाजारातही हेच घडते. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका कार्यक्रमात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मांडल्या. त्यांचे मूळ सांगितले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली तेव्हा प्रेरणा कोठली ते मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. त्या वेळी सर्वांनी ‘महाराष्ट्राचा वारसा’ असा गजर केला. पण ती चप्पल ज्या चर्मकारांनी आणि ढोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, ज्यांच्या कातडे कमावण्याच्या वासामुळे त्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांच्या जातीचे नाव त्या गजरात क्वचितच कोणी घेतले. वहाणा करणाऱ्यालाच एके काळी वहाणा हातात घेऊन चालावे लागले, हा त्या चपलेचा इतिहास नाही काय?

म्हणून अशा केंद्राला माझ्या तीन अटी आहेत, आणि त्या मी तिच्या प्रबंधासाठी लिहूनही दिल्या. पहिली : प्रत्येक वस्तूच्या नोंदीत करणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि त्याला मिळालेली मजुरी असावी. नाव ठाऊक नसेल तर ‘नाव नोंदवले गेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. रिकामी जागा लपवू नये. दुसरी : विणकर, रंगारी, शिवणारी बाई यांना मानधन अध्यापकाच्या बरोबरीने मिळावे आणि शिकवण्याचा अधिकार त्यांनाही असावा. प्रात्यक्षिक दाखवणारा कारागीर आणि त्यावर व्याख्यान देणारा विद्वान, ही विभागणी म्हणजे जुनी वर्णव्यवस्थाच. तिसरी : संग्रहात फक्त पैठणी आणि हिमरू नकोत. लुगड्याची महाडपूर्वीची आणि नंतरची नेसण, कथलाचे दागिने, १९५६ च्या पांढऱ्या साड्या, सफाई कामगाराचा गणवेश, वसतिगृहातल्या मुलाने पहिल्या पगारात शिवलेला कोट, हेही असले पाहिजे. अजिंठ्याच्या भिंतींवर राजाची, दासीची आणि भिक्खूची वस्त्रे एकाच चित्रात दिसतात. अजिंठा या जिल्ह्यातच आहे. नमुना शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

काही मित्र म्हणतील, हा सगळा एका विद्यार्थिनीचा कागदावरचा प्रकल्प. ती इमारत आजही कुलूपबंद आहे. उद्या तेथे दुकानांचे संकुलही उभे राहील. असेल. परंतु आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत जुन्या कचेऱ्या, वाडे, गिरण्या, शाळा यांना नवे रूप देण्याची कामे यापुढे वाढत जाणार. संग्रहालये होतील, केंद्रे होतील, उद्घाटने होतील. कार्यकर्त्यांनी उद्घाटनाच्या निमंत्रणाची वाट पाहू नये. नकाशा मागावा. तो मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्यावर बोट ठेवून विचारावे : काम करणारी माणसे कोणत्या दाराने येणार? आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी आजच एक काम सुरू करावे. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसून तिच्या पेटीतले प्रत्येक कापड कोणी विणले, कोणी दिले, कोणत्या दिवशी नेसले, कोणत्या दिवशी नेसू दिले नाही, हे तिच्या शब्दांत लिहून घ्यावे. इमारत मिळेल तेव्हा मिळेल. तिच्यात ठेवायचे ते हरवता कामा नये.

परीक्षेच्या दिवशी मी गेलो होतो. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी तिला विचारले, पुढच्या ओवरीत माग ठेवून दर्शनी जागा का वाया घालवली? तिने उत्तर दिले, ‘‘सर, हे केंद्र त्यांचे आहे. ते मागे कसे बसतील?’’ परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. गुण किती मिळाले ते मी तिला विचारले नाही. घरी येऊन आईची वाकळ पेटीतून काढली, उन्हात घातली, आणि एका वहीत तिचे नाव लिहिले.